भूत ‘तो’ की ‘ते’? आणि मेनूत ‘पात्रं’ लिहायचं की ‘व्यक्तिरेखा’?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मित्रमंडळी मिळून मराठीत एक हॉरर मिस्ट्री गेम बनवतायत, पाच जण एका भुताटकीच्या वाड्यात अडकतात, त्यातला एकेक गायब होत जातो. मेनूमध्ये ‘कॅरेक्टर्स’ला काय लिहायचं यावर टीममध्ये वाद आहे, आणि दुसरं म्हणजे वाड्यातल्या भुताला कोणी ‘तो’ लिहिलंय, कोणी ‘ती’, कोणी ‘ते’, तर एकच काहीतरी ठरवून द्या.

पहिलं पटकन उरकतो कारण खरी मजा दुसऱ्यात आहे. मेनूत ‘पात्रं’ लिहा. नाटकाच्या सुरुवातीला पात्रपरिचय असतो तोच हा शब्द, म्हणजे गोष्टीत वावरणारा कोणीही. ‘व्यक्तिरेखा’ म्हणजे लेखकाने त्या पात्राला जे रंगरूप, स्वभाव, इतिहास दिला ते सगळं. म्हणून ‘डॉक्टरची व्यक्तिरेखा छान उभी केलीय’ बरोबर, पण ‘पाचपैकी एक व्यक्तिरेखा निवडा’ हे मला अडखळायला होतं, निवडतो आपण पात्र. गेमबद्दल लिहिताना, म्हणजे रिव्ह्यू वगैरे, व्यक्तिरेखा जरूर वापरा. (आणि हो, सुटा शब्द ‘व्यक्ती’ दीर्घ, समासात ‘व्यक्तिरेखा’ ऱ्हस्व, हे निम्म्या ठिकाणी चुकलेलं दिसतं.) ‘कॅरेक्टर’ बोलताना सगळेच म्हणतात, त्याला माझा काही विरोध नाही, फक्त मराठीत ‘तिचं कॅरेक्टर’ म्हटलं की चारित्र्याचा वास येतो, मेनूत तो कशाला. बाकी ‘पात्र’ला पण एक तिरका अर्थ आहेच, ‘काय पात्र आहे!’ म्हणजे विक्षिप्त माणूस, पण झपाटलेल्या वाड्यात रात्र काढायला येणारी मंडळी तशीही थोडी पात्रंच असणार त्यामुळे चालून जाईल.

‘पात्र’ घ्या म्हणण्याचं अजून एक कारण आहे आणि तिथूनच दुसरा प्रश्न सुरू होतो. पात्र नपुंसकलिंगी आहे. ‘ते पात्र तळघरात गेलं’, ‘माझं पात्र मेलं’, इथे बाई की पुरुष ते कळतच नाही. मिस्ट्रीमध्ये हे सोनं आहे. मराठीत क्रियापद बसल्या जागी लिंग सांगून टाकतं, ‘गेला’ म्हटलं की पुरुष, ‘गेली’ म्हटलं की बाई, आणि तुमचा अर्धा सस्पेन्स एका काना-वेलांटीत फुटतो.

आता भूत. भूत मराठीत नपुंसकलिंगीच, ‘ते भूत’, अनेकवचन ‘ती भुतं’. ‘तो भूत’ हा हिंदीचा परिणाम, तिकडे नपुंसकलिंगच नाहीये त्यामुळे भूत पुल्लिंगी झालं. मूळ संस्कृतात ‘भू’ म्हणजे होणे, त्यावरून भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं, म्हणून तर भूतकाळ. आणि पंचमहाभूतं, भूतदया यातला भूत पण तोच, तिथे भुताखेतांचा काही संबंध नाही. लिहिताना भूतकाळ, भूतदया दीर्घ पण भुताला, भुतांनी ऱ्हस्व.

तेव्हा टीमला सांगा की ओळख पटेपर्यंत ‘ते’. पण एकच ठरवून द्या म्हणालात ते मी देणार नाही, कारण सगळ्या गेमभर ‘ते’च ठेवलंत तर हातातला पत्ता वाया घालवला. मराठीत अनोळखी गोष्टीला आपण आपोआप नपुंसकलिंग लावतो, दार वाजलं की ‘कोण आहे?’ पाठोपाठ ‘कोण आलंय?’ म्हणतो, ‘कोणीतरी होतं तिथे’ म्हणतो. आलंय, होतं. एकदा माणूस कळला की मग आला किंवा आली. म्हणजे ‘ते’ वरून ‘ती’ वर येणं हाच मराठीत रहस्य उलगडण्याचा क्षण असू शकतो आणि त्यासाठी वेगळं काही लिहावं पण लागत नाही.

उदाहरण द्यायचं तर कॅपकॉमचा १९८९ चा ‘स्वीट होम’ हा हॉरर गेम घ्या, फॅमिकॉम या निंटेंडोच्या जुन्या कन्सोलवरचा, ‘रेसिडेंट ईव्हिल’ या गाजलेल्या हॉरर गेमचा पूर्वज म्हणतात तो. पाच जणं मामिया नावाच्या वाड्यात भित्तिचित्रं बघायला जातात आणि अडकतात. वाड्यातलं जे काही आहे ते सुरुवातीला नुसतं संकट आहे, मग डायऱ्या-चिठ्ठ्यांतून हळूहळू कळतं की ही मूल गमावलेली आई आहे. हा गेम मराठीत आणायचा असता तर मी पहिल्या भागात कटाक्षाने ‘ते पिशाच्च आलं’, ‘त्याने दिवा विझवला’ ठेवलं असतं आणि मुलाचा विषय निघाल्यावर पहिल्यांदा ‘ती’. शिवाय एक सोय बघा, ‘तो’ आणि ‘ते’ दोघांचीही पुढची रूपं सारखीच होतात, त्याला, त्याने, त्याचा, तेव्हा खेळणारा ते आपल्या मनाने पुरुषावर घेत राहतो आणि तुम्ही खोटं काहीच लिहिलेलं नसतं.

म्हणूनच हडळ, मुंजा, खवीस असले शब्द जपून. हे नुसते ‘भूत’चे समानार्थी नाहीत, प्रत्येकाला आपली कुंडली आहे. हडळ म्हटलं की बाई हे कळलंच, मुंजा म्हटलं की मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा आणि पिंपळ हे सगळं सोबत येतं, मग तुमच्या गेममधल्या भुताची गोष्ट वेगळी असेल तर वाचणारा गोंधळतो. आणि ‘विच’ला हडळ लिहू नका, हडळ मेलेली असते, चेटूक करणारी जिवंत बाई ती चेटकीण.

त्याहून मोठा खड्डा ‘प्रेत’चा आहे. हिंदीत प्रेत म्हणजे भूत, मराठीत प्रेत म्हणजे मढं. ‘या खोलीत एक प्रेत आहे’ असं वाचून मराठी खेळणारा पलंगाखाली बॉडी शोधत बसेल आणि ती नाहीच म्हटल्यावर बग आहे म्हणून तुम्हाला कळवेल. तसंच आत्मा, मराठीत ‘तो आत्मा’, बाईचा असला तरी ‘तिचा आत्मा भटकतोय’. ‘ती आत्मा’ हे डब केलेल्या सिरियलींनी आणलंय आणि मला ते अजिबात सहन होत नाही.

आता जे विचारलं नाहीये पण विचारायला हवं होतं ते. डायरी. असल्या गेममध्ये पानापानावर कोणाच्या तरी डायरीचे तुकडे सापडतात आणि ते कोणी लिहिले हेच रहस्य असतं. इंग्रजीत ‘मी’ने सुरू होणारं वाक्य कोणाचंही असू शकतं, मराठीत ‘मी तळघरात गेले’ लिहिलं की संपलं, पाचातले पुरुष यादीतून बाद. (कोल्हापूरकडे बायका पण ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतात, तेव्हा पात्र तिकडचं असेल तर फसवायला यासारखं काही नाही, पण ते सगळ्यांना कळेल असं नाही.)

यातून सुटायला मराठीतच चोरवाट आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळात बहुतेक वेळा कर्माच्या मागे जातं, करणाऱ्याच्या नाही. ‘मी पत्र जाळलं’, ‘मी किल्ली लपवली’, ‘मी आरसा फोडला’, इथे जाळलं-लपवली-फोडला हे पत्र, किल्ली, आरसा यांच्याप्रमाणे बदललंय, ‘मी’ कोण ते गुलदस्त्यात. म्हणून ‘मी तळघरात गेले’ऐवजी ‘मी तळघर गाठलं’. ‘मी पळालो’ऐवजी ‘मी धूम ठोकली’. ‘मी किंचाळले’ऐवजी ‘मी किंकाळी फोडली’. ‘मी घाबरलो’ऐवजी ‘मला भीती वाटली’ किंवा ‘पोटात गोळा आला’. ‘मी रात्रभर जागी होते’ऐवजी ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’. बघा, उलट वाक्य जास्त मराठी झालं, बळंच लपवल्यासारखं वाटतच नाही.

काही क्रियापदं मात्र दगा देतात. ‘मी जिना चढलो’ यात जिना आहे तरी क्रियापद माणसाच्याच मागे जातं, उतरणं तसंच, विसरणं, बोलणं, पिणं पण (‘मी औषध प्यायले’). ती टाळा. काळाचं म्हणाल तर साधा वर्तमान नको, ‘जातो-जाते’ लगेच उघडं पडतं. ‘जाईन’, ‘जाणार आहे’ सुरक्षित. जुन्या वाड्याच्या मालकाची डायरी असेल तर ‘मी रोज संध्याकाळी गच्चीवर जात असे’ हे पण लिंग सांगत नाही, शिवाय जुनाट वाटतं ते वेगळंच.

खेळणाऱ्याला हाक मारतानाही हाच घोळ. ‘अलोन इन द डार्क’मध्ये (१९९२) सुरुवातीलाच एडवर्ड कार्नबी की एमिली हार्टवुड ते निवडायचं असतं, ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये (१९९६) क्रिस की जिल. मराठीत ‘तू’ ठेवलंत तर अशा गेमचं निम्मं स्क्रिप्ट दोनदा लिहावं लागेल, ‘तू आत गेलास’ आणि ‘तू आत गेलीस’. ‘तुम्ही आत गेलात’ केलं की एकाच वाक्यात भागतं. तुम्ही थोडं औपचारिक वाटतं हे खरं, पण भीतीदायक आवाजाने ‘तुम्ही परत यायला नको होतं’ म्हटलेलं मला ‘तू’पेक्षा जास्त थंड वाटतं. भूत अरेतुरे करायला लागलं की कसं ओळखीचं होऊन जातं.

तुमच्या पाच पात्रांबद्दल एक. सगळे पुरुष असतील तर ‘पाच जण शिरले’, सगळ्या बायका असतील तर ‘पाच जणी शिरल्या’, मिश्र असतील तर ‘पाच जणं शिरली’. स्वीट होममध्ये दोन पुरुष तीन बायका, म्हणजे तिथे ‘पाच जणं’. आणि त्या गेममध्ये मेलेलं पात्र परत येत नाही, किती जगले त्यावर शेवट बदलतो. आता तुमच्याकडेही तसं असेल तर ‘उरलेले’ या आकड्याशेजारी शब्द काय येणार ते प्रोग्रॅमरला आधीच सांगून ठेवा, कारण तिघं, तिघे, तिघी यातलं काय ते कोण मेलं त्यावर ठरणार. आणि गायब झालेल्याचं लिंग लपवायचं असेल तर तिघं-तिघी येऊच देऊ नका, नुसतं ‘उरलेली पात्रं : ३’ लिहा. इथे परत ‘पात्र’च कामाला आलं.

‘व्यक्ती’चा पण एक उपयोग आहे. ती स्त्रीलिंगी, मग माणूस कोणीही असो, ‘काळा कोट घातलेली व्यक्ती जिन्यावरून खाली आली’. व्याकरणाने चोख आणि तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे नकळत बाई उभी राहते. एकदाच वापरा. दुसऱ्यांदा लोक ओळखतात.

शेवटचं, तुम्ही पाठवलेल्या पात्रांच्या यादीत बटलरला ‘कारभारी’ केलंय. अर्थाने चुकीचं नाही, घराचा कारभार बघणारा तो कारभारी. पण ‘अहो कारभारी’ ही नवऱ्याला मारलेली हाक आहे, आणि मध्यरात्री हातात मेणबत्ती घेऊन आलेल्या त्या गंभीर म्हाताऱ्याला तुमची नायिका ‘कारभारी, तुम्ही?’ म्हणाली की सगळे हसणार. बटलरच ठेवा.