दहावीनंतर थेट किचनमध्ये?

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, त्याला शेफच व्हायचंय म्हणतो. बारावीपर्यंत थांबवू का? (एक आई, सातारा)

उत्तर: ताई, थांबवायलाच हवं असं काही नाही. आयटीआयमध्ये फूड प्रोडक्शन जनरल हा स्वयंपाक शिकवणारा एक वर्षाचा ट्रेड (कोर्स) आहे, दहावी पास लागतं, ॲडमिशन ऑनलाइन, आणि नंतर हॉटेलात अप्रेंटिसशिप करता येते म्हणजे हातात थोडा स्टायपेंडही येतो. पण बीएस्सी हॉस्पिटॅलिटी डोक्यात असेल तर बारावी हवीच, दादरच्या आयएचएमसारख्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजला एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आता खरं सांगू का, टीव्हीवरची प्लेट सजवणं वेगळं. इथे सुरुवातीला किलोकिलोने कांदा एकसारखा बारीक चिरायचा, बोटं आत मुडपून, सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकवून, आणि मग स्टॉकची (हाडं-भाज्या उकळून काढलेल्या पाण्याची) भलीमोठी पातेली घासायची, तेही तासन् तास उभं राहून. सुट्टीत महिनाभर ओळखीच्या केटररकडे पाठवा, लग्नसराईत तर नक्कीच. तिथून आल्यावरही हौस टिकली तर बिनधास्त फॉर्म भरा. आणि हो, ॲडमिशनआधी प्रॅक्टिकलचं किचन स्वतः बघून या, गॅस-भट्ट्या चालू आहेत की नुसत्या चकचकीत ठेवल्यात ते लगेच कळतं!