अकाउंट हॅक झालंय, भारतातला कस्टमर केअर नंबर कुणी देईल का?

नंबर नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. फुकट वापरणाऱ्यासाठी फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या या कंपन्या फोनवर माणूस बसवत नाहीत. गूगलवर कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ टाकलं की जे दहा आकडी मोबाइल नंबर दिसतात ते चोरांचे असतात. ‘आमचा एक मुलगा आहे, हजार रुपयांत रिकव्हर करून देतो’ म्हणणारेही त्यातलेच. एकदा लुटलेला माणूस दुसऱ्यांदा लुटायला सोपा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

इतकं ठणकावून सांगतोय, कारण या नंबरावरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी टेलिफोन खात्यात होतो. त्यातली बरीच वर्षं १९८ वर गेली. ज्यांनी लँडलाइन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: फोन डेड झाला की शेजाऱ्याकडून १९८ फिरवायचा, तक्रार नोंदवायची, तक्रार क्रमांक घ्यायचा. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की आमचे कान किटायचे. लोक आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. पण शिव्या ऐकायला पलीकडे कुणीतरी बसलेलं असायचं, आणि शिव्या संपल्या की तो नंबर द्यायचा.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ऐरोलीला असतो. सगळी नोकरी खासगीत. माझं लग्न झाल्यापासून ऐकवतोय, ‘भावोजी, गिऱ्हाईक म्हणजे काय ते तुमच्या लोकांना कळतच नाही. खासगीत सर्व्हिस कशी असते ते एकदा बघा.’ त्याच्या साखरपुड्याच्या आठवड्यात सासऱ्यांचा फोन बंद होता. गटाराचं काम करणाऱ्यांनी केबल तोडली होती, पण तो बंद फोन आजतागायत माझ्याच खात्यावर जमा आहे.

आता मूळ गोष्ट. आमची ही रांगोळीचे क्लास घेते, ठाण्याला नौपाड्यात, घरीच. ठिपक्यांची, गालिचा, संस्कारभारतीची, सगळी. तिचं एक अकाउंट आहे, त्यावर रांगोळी भरतानाचे व्हिडिओ टाकते. माणसं बऱ्यापैकी जमली आहेत, ऑर्डरीही तिथूनच येतात. कंपनीचं नाव घेत नाही, तुम्ही ज्या कंपनीशी झगडताय तिच्याहून ती काही निराळी नसणार. तर पाडव्याची स्वागतयात्रा तोंडावर आलेली, आणि हिला मेसेज आला: तुमच्या व्हिडिओतल्या गाण्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत अपील करा, नाहीतर अकाउंट बंद. खाली लिंक. लिंकवर पासवर्ड मागितला, हिनं भरला. कुणीही भरला असता, कारण आदल्याच महिन्यात खरोखरच तिच्या एका व्हिडिओचा आवाज कंपनीनं बंद केला होता.

संध्याकाळपर्यंत ई-मेल बदललेला, मोबाइल नंबर बदललेला. आणि मोराच्या रांगोळीशेजारी हिचाच हसरा फोटो: ‘मी दहा हजार गुंतवले, तीन तासांत एक लाख मिळाले, या सरांना मेसेज करा.’ क्लासच्या बायकांचे फोन सुरू झाले. चरईतल्या एका काकूंनी पैसे काढूनही ठेवले होते. त्यांनी फोन केला तो फक्त ‘जीपे चालेल ना?’ हे विचारायला.

मेहुणा ट्रान्स हार्बरच्या लोकलनं तासाभरात हजर. या बाबतीत माणूस चांगला आहे, अडीअडचणीला धावून येतो. आल्या आल्या त्यानं गूगलवरून नंबर काढला आणि स्पीकरवर लावला. पलीकडचा म्हणाला, ‘हेड ऑफिस से बात कर रहा हूँ, मॅडम का अकाउंट दस मिनट में चालू हो जाएगा.’ मेहुण्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बघा, याला म्हणतात सर्व्हिस. मग पलीकडच्यानं एक ॲप डाउनलोड करायला सांगितलं, म्हणजे त्याला आमच्या मोबाइलचा स्क्रीन दिसेल, आणि व्हेरिफिकेशनसाठी दहा रुपये पाठवा म्हणाला. दहाच रुपये. पण ते पाठवताना टाकलेला पिन त्याला तिकडे दिसणार होता.

मी म्हटलं, ‘कम्प्लेंट नंबर दीजिए.’

‘सर, नंबर प्रोसेस के बाद आएगा.’

नोकरीतली सगळी वर्षं मी तक्रार क्रमांक दिले आहेत. तक्रार लिहून घेतली की नंबर आधी, काम मागाहून. काम होईलच असं नाही, पण नंबर मिळतोच. मी फोन हातात घेऊन कट केला. मेहुणा भडकला. ‘तुम्ही सगळीकडे तुमचं सरकारी ऑफिस उघडून बसता, मग कामं व्हायची कधी?’ बायको म्हणाली, आधी जेवून घ्या दोघं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे. कुठल्या ते सांगत नाही. पहिला प्रश्न, ‘पैसे गेलेत का?’ नाही म्हटल्यावर पेन खाली. त्याचंही बरोबर असेल, ज्यांचे लाखो गेलेत अशी माणसं बाकावर बसली होती. मी म्हटलं, साहेब, दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी मध्ये बसतं आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवणं ६६ डी मध्ये, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ‘वकील का?’ म्हणाला, आणि अर्ज घेऊन पोच दिली. ती पोच पुढे फार उपयोगी पडली. तुमचे किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाचे पैसे गेले असतील तर मात्र पोलिस ठाण्यात जाण्यात वेळ घालवू नका, बसल्या जागेवरून १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे जितकं लवकर कळवाल तितकी पैसे मधल्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका.

कंपनीच्या स्वतःच्या वाटेनंही गेलो. तिथे सेल्फी व्हिडिओ मागतात: डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा. ही ट्यूबलाइटखाली उभी राहिली, चष्मा काढून, मान फिरवत. उत्तर: ओळख पटली नाही. परत खिडकीत उभी राहिली, तरी तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. मशीन हा चेहरा अकाउंटवरच्या फोटोंशी ताडून बघतं, आणि हिच्या अकाउंटवर सगळे हात आणि फरशी. चेहरा नीट दिसेल असा एकच फोटो होता, तो चोरानं टाकलेला. म्हणून ज्यांचं अकाउंट कलेचं, दुकानाचं, खाण्याचं आहे त्यांनी अधूनमधून स्वतःचा चेहराही टाकत जावा. मिरवायला नको, पुरावा म्हणून.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. २०२१ साली केंद्र सरकारनं या कंपन्यांसाठी नियम काढले. भारतात ज्यांचे ५० लाखांच्या वर नोंदणीकृत वापरकर्ते आहेत त्यांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि भारतातला पत्ता द्यावा लागतो. ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ हे शब्द कंपनीच्याच मदतीच्या पानांवर शोधा, फॉर्म किंवा ई-मेल तिथे सापडतो. शोधायला लावतात, पण असतो. नियम आले तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं त्यात लिहिलेलं होतं.

मी रीतसर पत्र लिहिलं. इंग्रजीत, विषय घालून, मुद्द्यांना क्रमांक देऊन. अकाउंटचं नाव, ते कधी उघडलं, मूळ ई-मेल, मूळ नंबर, बदल झाल्याची तारीख आणि वेळ, स्क्रीनशॉट, पोलिसांची पोच, आणि शेवटी नेमकं काय हवंय ते एका वाक्यात: मूळ ई-मेल पूर्ववत करा आणि फसवणुकीच्या पोस्टी काढा. मेहुणा हसत होता. ‘हे कोण वाचणार भावोजी, तिकडे सगळे रोबोट.’ रोबोट तर रोबोट, पण पोच आली आणि तिच्यात तक्रार क्रमांक होता. तो मी वहीत उतरवला आणि मेहुण्याला व्हॉट्सॲप केला. त्यानं अंगठा पाठवला.

मग उत्तर आलं: कृपया खालील फॉर्म भरा. तोच फॉर्म, तीच मान फिरवणं. इथे लोक हात टेकतात. मी खूश झालो. लेखी उत्तर हातात आलं, आता वर जाता येत होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम बदलून अपिलासाठी सरकारी समित्यांची तरतूद केली, ग्रीव्हन्स अपेलेट कमिटी म्हणतात त्यांना, आणि १ मार्च २०२३ पासून त्यांचं पोर्टल सुरू आहे, जीएसी डॉट गव्ह डॉट इन. कंपनीच्या अधिकाऱ्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत तिथे अपील करायचं असतं. सगळं ऑनलाइन, कुठे खेटे घालावे लागत नाहीत. मी अपील टाकलं.

त्याचा निकाल यायच्या आतच हिच्या जुन्या ई-मेलवर कंपनीचा मेल आला, नवा पासवर्ड ठरवा म्हणून. अकाउंट परत आलं. निम्मे व्हिडिओ चोरानं उडवले होते, ते गेले ते गेलेच. पाडव्याच्या ऑर्डरीही त्या वर्षी हुकल्या.

आणि इथून खरं भांडण सुरू झालं. मेहुण्याचं म्हणणं असं की ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या त्याच्या मित्राच्या मुलाची त्या कंपनीत कुणाशी तरी ओळख आहे, त्यानं ‘इंटर्नल तिकीट’ टाकलं, म्हणजे कंपनीच्या आतूनच तक्रार, आणि काम झालं. मी विचारलं, त्या तिकिटाचा नंबर? तर म्हणे तसा नंबर नसतो. हिचं तिसरंच. ती म्हणते, क्लासच्या सगळ्या बायकांनी मिळून अकाउंट रिपोर्ट केलं म्हणून कंपनी हलली. कंपनीनं कारण काही कळवलं नाही, त्यामुळे घरातला प्रत्येक जण आपापल्या परीनं जिंकलेला आहे. तरी मी विचारतो, कंपनीचा मेल अपिलानंतरच का यावा? त्याच्या आधी तो मित्राचा मुलगा काय झोपला होता? आणि मुख्य म्हणजे, ओळख लावूनच काम व्हायचं असेल तर खासगीतली सर्व्हिस कुठे गेली? आमच्याकडे ओळख नसलेल्यालाही १९८ लागायचा.

कारण तसं उघड आहे. आमच्याकडे तुम्ही बिल भरत होता. इथे बिल जाहिरातदार भरतो, म्हणून गिऱ्हाईक तो. जून २०२३ मध्ये मेटानं, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीनं, भारतात महिना ६९९ रुपयांत अकाउंट खरं असल्याची निळी खूण विकायला काढली, तेव्हा तिच्यासोबत माणसाकडून मदत मिळण्याची सोयही दिली होती. म्हणजे माणसं आहेत, पण पैसे टाकणाऱ्यासाठी. आणि ज्याचं अकाउंटच गेलं तो आत शिरून पैसे टाकणार कसा?

काही गोष्टी राहिल्या. वरचं सगळं चोरलेल्या अकाउंटचं आहे. कंपनीनंच बंद केलं असेल तर आधी तिच्याच ‘रिव्ह्यू’च्या बटनावरून दाद मागा, मग तक्रार अधिकारी, मग अपील. ग्राहक आयोगात फुकटच्या सेवेसाठी उभं राहणं अवघड, कारण २०१९ च्या कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. जाहिरातीचे किंवा खुणेचे पैसे भरले असतील तर पावत्या जपून ठेवा, बाजू मजबूत होते. अपील केलं की हमखास मिळतं असंही माझं म्हणणं नाही. अकाउंट आलं की दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा, मोबाइलमध्ये नको.

आणि तुमचं अकाउंट गेल्याला एकदोन दिवसच झाले असतील तर हे सगळं सोडा, आधी जुना ई-मेल उघडा, स्पॅमसकट. ई-मेल बदलला की बऱ्याच कंपन्या जुन्या पत्त्यावर तसं कळवतात, आणि ‘हा बदल मी केलेला नाही’ अशी लिंक त्यात असते. ती काही काळच चालते. फक्त मेल खरा आहे ना ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून नीट बघून घ्या, चोरही तसलेच मेल पाठवतात. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम असेल तर त्यांच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत हॅक्ड (hacked) लिहिलं की चोरलेलं अकाउंट परत मिळवायचं पान उघडतं. गूगल असेल तर नेहमीच्याच मोबाइलवरून, नेहमीच्याच जागेवरून प्रयत्न करा, सायबर कॅफेतून नको.