लॉक काढून दिलं तो फोन चोरीचा निघाला, आता ठाण्यातून बोलावणं आलं

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) तुझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं काउंटर, चार वर्षं झाली. दीड महिन्याआधी एक पोरगा अँड्रॉइड फोन घेऊन आला, म्हणे पॅटर्न विसरलो. तू रिसेट मारला, मग फोन जुना जीमेल मागायला लागला, तर तो म्हणाला "भैया, मेल तर आठवत नाही, बहिणीने टाकून दिला होता." तू एफआरपी (रिसेटनंतर जुनं गुगल अकाउंट मागणारं लॉक) पण काढून दिली, ७०० रुपये घेतले, पैसे यूपीआयवर आले. बिल नाही, वहीत नोंद नाही. आता ठाण्यातून दोनदा फोन आला की तो मोबाईल चोरीचा होता, येऊन जा. बाबा म्हणतात काही देऊन मिटवून टाक, बाजूचा काउंटरवाला म्हणतो मागच्या तारखेचं बिल फाड, आणि तू दोन दिवसांपासून शटर पाडून घरी बसून राहिला.

आधी दुकान उघड. तू पळाला असं कोणालाही म्हणायला जागा देऊ नको, कारण आज तुझ्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे की तू तिथेच आहे, रोज आहे, सगळ्या बर्डीला माहीत आहे.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात चोरीच्या मालाचं कलम ३१७, जे आधी जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) ४१० ते ४१४ होतं. चोरीची वस्तू हातातून गेली एवढ्याने कोणी गुन्हेगार होत नाही. वस्तू चोरीची आहे हे माहीत असलं पाहिजे, किंवा तसं समजायला पुरेसं कारण असलं पाहिजे. तू तर फोन विकत घेतला नाही, ठेवून घेतला नाही, फक्त मजुरी घेतली, त्यामुळे पोट-कलम २ तुझ्यावर बसवणं कठीण. पोलीस लावायचा प्रयत्न करतील ते पोट-कलम ५, म्हणजे चोरीचा माल दडवायला किंवा खपवायला मदत केली. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथेही सगळं त्या "माहीत होतं का, किंवा समजायला कारण होतं का" वरच येऊन थांबतं.

आणि इथे तुला स्पष्ट सांगते, गोड लागणार नाही. पॅटर्न विसरणं यात काहीच संशयास्पद नाही, रोज चार जण विसरून येतात, म्हातारी माणसं येतात, लहान पोरांनी लॉक बदललेलं असतं. पण रिसेटनंतर पांढऱ्या स्क्रीनवर आधीचं गुगल अकाउंट मागितलं जातं ते कशासाठी हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ही सोय २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून आली, चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये म्हणूनच आली. मालक सेटिंगमध्ये जाऊन स्वतः रिसेट करतो तेव्हा हे लॉक लागत नाही, व्हॉल्यूम आणि पॉवरची बटणं दाबून बाहेरून पुसला की लागतं. जो स्वतःचा फोन वर्षभर वापरतो त्याला पॅटर्न आठवला नाही तर समजू शकते, पण मेल आठवत नाही, रिकव्हरीला नंबर नाही, बहिणीला फोन लावून विचारत नाही, डबा नाही, बिल नाही, हे सगळं एकाच वेळी असेल तर सरकारी वकील कोर्टात नेमकं त्याच मिनिटावर बोट ठेवणार. तुझ्या हातून चूक झाली ती तिथे. ती चूक म्हणजे गुन्हाच असं नाही, निष्काळजीपणा आणि बेइमानी यात फरक आहे, आणि आपल्याला तो फरक दाखवायचा आहे.

तो दाखवायला तुझ्याकडे सामान आहे. चोराचा साथीदार यूपीआयवर पैसे घेत नसतो, स्वतःच्या नावाच्या खात्यात तर नाहीच, आणि ७०० हा बाजारात चालतो तो साधा मजुरीचा भाव आहे. ती नोंद आजच बँकेच्या स्टेटमेंटमध्ये काढून प्रिंट घे, कारण त्या व्यवहारावरून पोलीस त्या पोरापर्यंत पोचू शकतात, म्हणजे तू त्यांच्या कामाचा साक्षीदार आहे. काउंटरवर किंवा समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर लगेच पाहा, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं फुटेज पुसून वरून नवीन लिहीत जातो, दीड महिना झाला म्हणजे कदाचित गेलंही असेल, पण असेल तर कापाकापी न करता अख्खं कॉपी कर. असं रेकॉर्ड कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते तुझा वकील बनवेल.

बिलाचं मात्र डोक्यातून काढून टाक. मागच्या तारखेचं बिल म्हणजे खोटा पुरावा तयार करणं, त्याची शिक्षा तुझ्यावर लागूही न झालेल्या मूळ कलमापेक्षा जड होऊ शकते, कोर्टाच्या कामात खोटा पुरावा तयार केला तर ७ वर्षांपर्यंत. कॉम्प्युटरमधले फ्लॅशिंगचे (फोनचं सॉफ्टवेअर नव्याने टाकण्याचे) लॉग उडवणं, चॅट डिलीट करणं, तेही नको, पुरावा नाहीसा करण्याचं न्याय संहितेत वेगळं कलम आहे, २३८. आणि बाबांना समजावून सांग की पैसे देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अडकतो, २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर सरळच. कोणी दबाव टाकून मागत असेल तर लाचलुचपत विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. बाबा काळजीपोटी म्हणून राहिले, मला समजतं, पण नको.

आता ठाण्यात जायचं कसं. फोनवर "येऊन जा" म्हणणं ही नोटीस नाही. नम्रपणे सांग, साहेब मी येतो, लेखी नोटीस द्या. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५ ची नोटीस म्हणून चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये तसं सांगितलं आहे. नोटीस हातात आली की सगळ्यात वर कोणतं कलम लिहिलं ते बघ, कारण त्यावर सगळं अवलंबून. त्याच संहितेचं १७९ असेल तर तुला साक्षीदार म्हणून बोलावलं, ९४ असेल तर कागद किंवा वस्तू मागितली, आणि ३५(३) असेल तर तुझ्यावर संशय आहे. शेवटचं असेल तर जाण्याआधी वकिलाला भेट, नक्की भेट. पण नोटीस आली की जायचंच, कारण जोपर्यंत तू नोटिशीप्रमाणे हजर होतो तोपर्यंत कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि गेला नाही तर तेच अटकेचं कारण होतं. साक्षीदार म्हणून विचारलं तर खरं सांग, मात्र ज्या उत्तराने तू स्वतःच आरोपी होशील असं उत्तर देण्याची सक्ती तुझ्यावर नाही. जबाबावर सही लागत नाही हे लक्षात ठेव. पंचनाम्यावर सही मागतील, तो पूर्ण वाचून, मोकळी जागा राहिली नाही ना बघूनच कर. कॉम्प्युटर किंवा डीव्हीआर नेला तर यादीची कॉपी माग, जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करणं आता कलम १०५ ने त्यांना बंधनकारक आहे.

एक गोष्ट तू लिहिली नाही म्हणून विचारते. फोनचा आयएमईआय (ओळख नंबर) तर बदलला नाही ना? रिसेटने, फ्लॅशने तो १५ आकडी नंबर बदलत नाही, म्हणूनच दुसरं सिम टाकल्याबरोबर फोन सापडतो. पण मुद्दाम बदलला असेल तर दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये ३ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे, मग वरचा सगळा सल्ला अपुरा आहे, तसं असेल तर ठाण्यात पाय ठेवण्याआधी वकिलाला खरं सांग, लपवू नको.

नोटीस ३५(३) ची आली, किंवा गुन्ह्यात तुझं नाव आल्याचं कळलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सिव्हिल लाईन्सच्या सेशन कोर्टात करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर त्याच कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, लाजायचं काही नाही, ते यासाठीच आहे.

आणि दुकान उघडशील तेव्हा दोनशे पानांची एक वही आण. लॉकचं कोणतंही काम आलं की ग्राहकाचं नाव, मोबाईल, ओळखपत्राचा प्रकार, फोनचा आयएमईआय, आणि समोर त्याची सही. केवायएम (KYM) आणि पुढे आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस केला की ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळतं, संचार साथी या सरकारी पोर्टलवरही बघता येतं. मेल आठवत नाही म्हणणाऱ्याला दुकानाचं बिल किंवा डबा आणायला सांग. नाही आणला तर काम परत कर, ७०० गेले तर गेले.

ठाण्यात जाताना स्टेटमेंटच्या प्रिंट दोन घेऊन जा, एक त्यांना दे, दुसरीवर मिळाल्याचा सही-शिक्का घे, आणि घरी आला की ती प्रिंट आईजवळ ठेवायला दे.