‘सगळ्यांकडे जाते’ म्हणालीस, म्हणून

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल तुम्ही दोघं नुकत्याच दत्तक घेतलेल्या लेकीला घेऊन आलात, घर भरल्यासारखं वाटलं. चपला काढल्या काढल्या ती सरळ माझ्याकडे आली, मांडीवर बसली, लाडू खाल्ला, आणि दहा मिनिटांत शेजारच्या काकूंच्या कडेवर जाऊन त्यांनाही ‘आई’ म्हणाली. तू कौतुकानं म्हणालीस, “किती लाघवी आहे ना मावशी, सगळ्यांकडे जाते. रडत म्हणून नाही.” मी तेव्हा गप्प बसले, कारण ती ऐकत होती. चार वर्षांच्या मुलांना आपण समजतो त्याहून पुष्कळ कळतं.

ती सगळ्यांकडे जाते, कारण तिच्या लेखी अजून सगळे सारखेच आहेत. ती जिथून आली त्या संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना मुलं मावशीच म्हणतात. त्या बायका मायेनं करतात, मी जवळून पाहिलंय. पण पाळी संपली की त्या घरी जातात आणि दुसरी मावशी येते. समोर येईल त्याच्याकडे बघून हसायचं आणि कडेवर चढायचं, हे ती तिथे शिकली. काल मी तिच्यासाठी आणखी एक मावशी होते. आणि मन घट्ट करून ऐक, आज तूही तशीच एक आहेस.

बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा एक मोठा अभ्यास २००० च्या सुमारास सुरू झाला. त्यातल्या निम्म्या मुलांना कुटुंबांत ठेवलं. घरात आलेल्या मुलांना माणसांचा लळा लागला, त्यांच्या वाढीतही फरक पडला. चिवट निघाली ती हीच सवय, परक्याच्या मागे सहज निघून जाण्याची. म्हणून तिचं कौतुक करू नकोस. ज्या दिवशी नवा माणूस बघून ती तुझ्या ओढणीमागे लपेल, त्या दिवशी मला फोन कर. पेढे मी वाटीन.

तोवर वर्तुळ लहान ठेव. भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, पडली-खरचटली तर उचलून घेणं, ही कामं पुढचे काही महिने फक्त तुम्हा दोघांची. आजीनं गोष्ट सांगावी, आत्यानं खेळावं, पण भूक लागली की बोट तुमच्याकडे दाखवायचं. पुण्यात हे अवघड आहे, मला माहीत आहे. जर्मनीतल्या तुमच्या घरी जायला तिचा पासपोर्ट येईपर्यंत कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांत रोज कुणीतरी बाळ बघायला येणार, हातात चॉकलेट असणार. सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांच्याशी नवऱ्यानं बोलायचं, तू नाही. त्यांची नात आयुष्यभर त्यांचीच आहे, फक्त आधी तिला आई म्हणजे काय हे कळू दे, एवढं त्यानं सांगितलं तर त्या समजून घेतील. “केवढं पुण्य केलंत” असं कुणी तिच्यासमोर म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव. तिला उपकाराखाली वाढवायचं नाहीये. ती संस्थेत का आली होती, हेही कुणाला सांगू नकोस. ती गोष्ट तिची आहे. मोठी झाल्यावर कुणाला सांगायची ते ती ठरवेल.

आता शिस्तीचं. सध्या ती सांगितलेलं सगळं ऐकते. हे नव्याचे नऊ दिवस आहेत. कदाचित जर्मनीला पोचल्यावर महिन्याभरात ती ताट फेकेल, चावेल, मोजे घालायला अर्धा तास रडेल. तुम्हाला वाटेल, आपलं काहीतरी चुकलं. पुष्कळदा तेव्हाच पहिल्यांदा तिला वाटू लागलेलं असतं की इथे रडलं तरी चालतं.

माझ्या हातून जे झालं ते तुझ्या हातून होऊ नये म्हणून सांगते. माझी लेक साडेचार वर्षांची असताना घरी आली. दुसऱ्या महिन्यात एकदा तिनं दुधाचा पेला भिंतीवर भिरकावला. मी तिला आतल्या खोलीत नेलं, “शांत झालीस की बाहेर ये” म्हटलं आणि दार ओढून घेतलं. आतून आवाज आला नाही. मला वाटलं, पटलं हिला. पंधरा मिनिटांनी दार उघडलं तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, पायात सँडल, उलटसुलट घातलेल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तिचे दोन फ्रॉक. तिनं मला विचारलं, “गाडी आली?”

आज ती तिशी ओलांडून गेलीये, तरी ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या मुलांना एकटं ठेवायचं नाही. ‘नाही’ म्हणायचंच, ठाम म्हणायचं, पण तिच्या शेजारी जमिनीवर बसून. “ताट फेकायचं नाही. मी इथेच आहे.” एवढंच. भाषण नको. ती हात झटकेल, बसून राहा. रडून झाल्यावर दोघींनी मिळून सांडलेलं पुसायचं. आपल्याकडचा तो पाठीतला धपाटाही नको. जर्मनीत २००० पासून मुलांना मारायला कायद्यानंच मनाई आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. त्या पाठीनं आधी काय सोसलंय, ते आपण पाहिलेलं नाही.

नियम मोजके ठेव. मारायचं-चावायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, खाणं बसून. बाकीचं सध्या जाऊ दे. मात्र या तिन्हींत तू आणि नवरा एकाच बोलीचे असा. एकानं ‘नाही’ म्हटलं आणि दुसऱ्यानं लाड म्हणून दिलं, तर तिला घरात धरायला खांबच उरत नाही.

खाण्याच्या बाबतीत हात सैल सोड. उशीच्या अभ्र्यात पोळीचे तुकडे सापडतील, बिस्किटं सापडतील. रागावू नकोस. तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेव, खजूर, चुरमुरे, काहीही, आणि तो कधी रिकामा दिसू देऊ नकोस. माझ्या लेकीनं सात महिने डबा रोज उघडून पाहिला. मग पाहायचीच विसरली.

तिथे तिची वेगळी खोली सजवली आहेस, फोटो पाहिले. सुंदर आहे. पण ती आजवर दहा-बारा मुलांच्या श्वासांत झोपलीये. पहिलं वर्ष तुमच्याच खोलीत झोपू दे. संस्थेतली तिची चादर मिळाली तर मागून घे आणि लगेच धुऊ नकोस, तो वास तिला लागेल. कडेवर घे म्हणाली, भरव म्हणाली, तर “एवढी मोठी झालीस” असं म्हणू नकोस. राहून गेलेलं बाळपण मागतेय ती. घरात मराठीच बोला. श्टुटगार्टच्या डिसेंबरात साडेचारला अंधार पडेल, अंगावर चार-चार कपडे चढतील, सगळं परकं असेल. आईची बोली तरी ओळखीची असू दे.

किंडरगार्टनची घाई नको. तिथे पुष्कळ ठिकाणी पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच बसतात आणि चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात, ही पद्धत फार चांगली. पण ही रडली नाही म्हणजे रुळली, असं तिथल्या बाईंना वाटेल. त्यांना आधीच सांग, आमच्या मुलीचं उलट आहे, जास्त दिवस घ्या. दत्तक पालकांनाही तिथे तीन वर्षांपर्यंत रजा मिळते, ती दोघांनी मिळून वापरा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिथल्या संस्थेची कार्यकर्ती येईल, तिचा अहवाल इकडे ‘कारा’पर्यंत, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेपर्यंत, पोचेल. ती येणार म्हणून घर आवरून हसरे चेहरे करून बसू नका. झोप उडाली असेल तर झोप उडाली म्हणा, लेकीचा राग येत असेल तर तेही सांगा. राग येतो. मलाही यायचा.

गुरुवारी जेवायला या. यावेळी लाडूचा डबा मी दारातच तुझ्या हातात देईन. ती माझ्या मांडीवर चढायला आली तर मी तिला तुझ्याकडे वळवून म्हणेन, “आईकडे माग.” तू खाली बस, म्हणजे तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील, आणि लाडू तू दे.

तुझी
मावशी