ड्रायर नीट तापत नाही: ९,२०० ची दुरुस्ती की ७२,००० चा नवा?

रत्नागिरीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षांपूर्वी घेतलेला साडेपाच किलोचा ड्रायर, मागच्या पाइपातून दमट हवा बाहेर टाकणारा, गेले दोन पावसाळे हळूहळू मंदावत गेला आहे. पूर्वी कपडे दीड तासात सुकायचे, आता तीन तास लावूनही जीन्सच्या कंबरपट्ट्या ओल्याच. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि दीड वर्षाचं मूल, त्यामुळे पावसात ड्रायरशिवाय भागत नाही. मेकॅनिकने ९,२०० रुपयांचं एस्टिमेट दिलं आहे: हीटर २,४००, थर्मोस्टॅट ८००, पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ५,२००, मजुरी ८००. दुकानदार म्हणतो, जुना ३,००० ला द्या आणि ७२,००० चा हीट पंप ड्रायर (उष्णता बाहेर न फेकता परत वापरणारा, म्हणून कमी वीज खाणारा) न्या, दरमहा ६,००० चे बारा हप्ते, ‘नो कॉस्ट’, फक्त ९९९ रुपये प्रोसेसिंग फी. जुन्यासारखाच साधा नवा ड्रायर २७,००० ला मिळतो. यजमानांचं मत, हप्ते नकोत, एफडी मोडून रोखीने हीट पंपवाला घेऊ. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६२,०००, स्कूटरचा हप्ता ३,८०० आणि गाठीला एफडीतले १,४०,०००.

ताई, एफडी मोडू नका, हप्ते घेऊ नका आणि ते ९,२०० सुद्धा अजून देऊ नका. दुखणं नक्की काय आहे हे कळण्याआधीच तिन्ही पर्यायांवर भाव लागले आहेत, आणि तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की मला मेकॅनिकचं निदान पटत नाही.

पहिली म्हणजे ‘हळूहळू’ हा शब्द. हीटरची कॉइल असते तेव्हा असते, तुटली की तुटली. ती दोन पावसाळे थोडी थोडी अशक्त होत जात नाही. काही ड्रायरमध्ये दोन कॉइल असतात आणि एक गेली तर उष्णता निम्म्यावर येते, पण तेही एका दिवसात होतं. ‘कालपर्यंत ठीक होता’ असं तुम्ही लिहिलं असतं. हळूहळू मंदावणारा ड्रायर बहुतेक वेळा हवेच्या वाटेत अडकलेला असतो. ड्रायरचं निम्मं काम तापवण्याचं आणि निम्मं ओलसर हवा बाहेर फेकण्याचं. हवा बाहेर गेली नाही तर आतलं तापमान भराभर वाढतं, थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थोड्या वेळाने परत चालू करतो, पुन्हा बंद. आपल्याला वाटतं तापतच नाही. खरं तर तो जरा जास्तच तापून सारखा थांबत असतो.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: दोन वर्षांपूर्वी गॅलरी सरकत्या काचांनी बंद करून घेतली आणि आता कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ड्रायर त्याच गॅलरीत आहे ना? आणि पाइपाचं तोंडही तिथेच सोडलेलं असणार. चार किलो सुती कपडे मशीनमधून पिळून निघतात तेव्हा त्यांच्यात साधारण अडीच लिटर पाणी उरलेलं असतं. ते रोज त्या बंद खोक्यात वाफ होऊन फिरतं आणि ड्रायर तीच हवा परत आत ओढतो. बाहेरची पावसाळी हवा कितीही दमट असली तरी ६० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्या आत येते, म्हणजे तिच्यात पाणी घ्यायला भरपूर जागा होते. गॅलरीत कोंडलेल्या वाफेचं तसं नाही, ती आधीच भरलेली.

तेव्हा मेकॅनिकला फोन करण्याआधी एक रविवार द्या. प्लग काढून ठेवा, आणि काढताना तो व सोळा अँपिअरचं सॉकेट बघा. काळं पडलं असेल किंवा प्लग वितळल्यासारखा दिसला तर आधी वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर. लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांचे सुटे धागे अडवणारी जाळी, नुसता झटकून भागत नाही. कपड्यांना लावायच्या सॉफ्टनरचा पातळ थर जाळीवर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जाळीत पाणी ओतून बघा: पाणी साठून राहिलं तर साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा. मग ड्रायर पुढे ओढून मागचा पाइप काढा. तो भिंतीला दबून चपटा झालेला असतो किंवा झोळ पडून त्यात पाणी साठलेलं असतं, आणि आत धाग्यांचा भुगा लगदा होऊन चिकटलेला असतो. हा भुगा नुसती वाट अडवत नाही, तो पेट घेतो. ड्रायरच्या आगींचं हे जुनं, ठरलेलं कारण आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नसता तरी हे काम करावंच लागलं असतं.

आता पाइप न जोडता, काचा पूर्ण उघडून, थोडे कपडे घालून वीस मिनिटं चालवा आणि मागच्या भोकासमोर हात धरा. जोरदार आणि गरम हवा आली तर मशीन ठणठणीत आहे, आजार पाइपाचा आणि गॅलरीचा होता. हवा जोरदार पण कोमट असेल तर हीटर किंवा त्याला वीज देणारी वायर, रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा बोर्डवरचा स्विच) यांच्यावर संशय. गरम पण क्षीण हवा आली तर भुगा आत पंख्यापर्यंत गेला आहे; मशीन उघडून साफ करावं लागेल, पण ते मजुरीचं काम आहे, सुट्या भागांचं नाही.

व्होल्टेजकडेही लक्ष द्या. संध्याकाळी पंखा मंद होतो असं तुम्ही लिहिलंय. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते: २३० ऐवजी १९५ व्होल्ट आले तर उष्णता २८ टक्क्यांनी कमी. ड्रायर दुपारी लावून बघा. यासाठी स्टॅबिलायझर विकत घेऊ नका, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण कुणीतरी सुचवणारच.

हे सगळं करून मशीन सुधारलं तर खर्च एवढाच: सरकत्या काचेच्या एका पट्टीत अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून चार इंची भोक, आखूड सरळ पाइप आणि बाहेरच्या तोंडाला झडप. तोंडाला मच्छरजाळी बसवू नका, महिन्याभरात भुग्याने बुजते. यासाठी हजार-दीड हजार धरून चाला. बुरशीही थांबेल, नाहीतर दर दोन वर्षांनी त्या भिंतीला नवा रंग लावायचा खर्च आहेच, आणि तो ड्रायरच्या खात्यावर कुणी लिहीत नाही.

आता दुकानदाराचा हिशेब. तो म्हणतो हीट पंप ड्रायर विजेत पैसे वसूल करून देतो. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: पहिली १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, पुढे आणखी महाग. तुमचं पावसाळ्यातलं बिल ३०० युनिटच्या वर जातं, म्हणजे ड्रायरचं युनिट तुम्हाला तुमच्या बिलातल्या सर्वात वरच्या टप्प्याच्या दराने पडतं. बिलाला युनिटने भागून येणारी सरासरी इथे चालत नाही. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी युनिटला १५ रुपये घेते, तुम्ही बिल समोर ठेवून आकडा बदला. चार पावसाळी महिन्यांत शंभरेक फेऱ्या, उरलेल्या वर्षात वीसेक, म्हणजे १२० फेऱ्या.

आजारी ड्रायर एका फेरीला अंदाजे ५ युनिट खातो, वर्षाचे ९,०००. तोच ड्रायर नीट झाला तर ३ युनिट, वर्षाचे ५,४००. हीट पंप दीड युनिट, वर्षाचे २,७००. (खरा आकडा हवा असेल तर फ्रिज, गिझर, पंप बंद ठेवून फेरीच्या आधी आणि नंतर मीटरचं रीडिंग लिहून घ्या.) दुकानदार नव्याची तुलना तुमच्या आजारी मशीनशी करतो, म्हणून वर्षाला ६,३०० वाचताना दिसतात आणि अकरा-बारा वर्षांत वसुली. पण घरात आजारी मशीन तुम्ही तसंही ठेवणार नाही. तुलना दुरुस्त केलेल्या मशीनशी करायची, आणि मग बचत उरते वर्षाला २,७००. जुन्याचे ३,००० वजा करून ६९,००० वसूल व्हायला पंचवीस वर्षं लागतील. तेवढं ते मशीन टिकणार नाही, आणि त्याचा कंप्रेसर बिघडला तर आजचं ९,२०० चं एस्टिमेट स्वस्त वाटेल. हीट पंप वाईट नाही. ज्यांच्याकडे ड्रायर बारा महिने रोज दोनदा चालतो त्यांना तो घ्यायला मी स्वतः सांगितलं आहे. तुमच्याकडे ऑक्टोबरनंतर मागच्या दारी ऊन आहे आणि वलणी आहे.

वीज वाचवायचीच असेल तर वॉशिंग मशीनचा स्पिन (कपडे पिळताना ड्रमचे मिनिटाला फेरे) बघा. ८०० वर ठेवलेला असेल तर सुती कपड्यांसाठी १२०० करा. चार किलो कपड्यांत अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी उरतं आणि वर्षाला हजारेक रुपये सुटतात. सासूबाईंच्या चादरी आणि बाळाची दुपटी सोडून बाकीचे कपडे रात्री पंख्याखाली टाकून सकाळी अर्धा तास ड्रायरमध्ये फिरवले तरी चालतात. हे तुम्ही करत असालच.

समजा रविवारची तपासणी करूनही हवा कोमटच आली. मग दुरुस्तीवर किती खर्च करायचा? नवा साधा ड्रायर २७,००० चा, दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला २,७०० पडतात. तुमचा अजून चार वर्षं निघेल असं मानू, म्हणजे त्याची उरलेली किंमत १०,८००. त्यातून आज एक्स्चेंजमध्ये मिळणारे ३,००० वजा केले की ७,८००. शिवाय सहा वर्षांच्या मशीनमध्ये दुरुस्तीनंतर दुसरं काही बिघडण्याचा धोका असतोच, म्हणून माझी मर्यादा ५,००० ची. त्यापलीकडे एस्टिमेट गेलं तर २७,००० चा साधा नवा घ्या.

तुमच्या एस्टिमेटमध्ये अर्ध्याहून जास्त रक्कम पीसीबीची आहे. ड्रम फिरतो, टायमर चालतो, बटणं दाद देतात, तर पीसीबी बदलायचा का, हे मेकॅनिकला सरळ विचारा. मल्टिमीटर लावून कॉइलचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा. २,००० वॅटची एकच कॉइल असेल तर २६ ओहमच्या आसपास दाखवायला हवं, हजार-हजारच्या दोन असतील तर प्रत्येकी ५३ च्या आसपास. रीडिंग बरोबर आलं तर २,४०० चा हीटर यादीतून गेला. बोर्डवरचा रिले गेला असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणारा तेवढाच बदलून देतो, अख्खा बोर्ड टाकायची गरज नसते. हीटर आणि थर्मोस्टॅट खरंच गेले असतील तर मजुरीसह ४,००० होतात, ते द्यावेत. मात्र पाइप साफ न करता थर्मोस्टॅट बदलला तर तो परत जाईल. आणि ‘थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो भाग काढला की भुगा पेटण्यापासून थांबवणारं काही उरत नाही. बिल लेखी घ्या, सुट्या भागांवरची वॉरंटी त्यावर लिहून घ्या, बदललेले जुने भाग मागून घ्या. त्यातून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

‘नो कॉस्ट’ हप्त्याबद्दल. रोखीने घेतलं तर ६८,५०० ला देतो असं त्याच दुकानदाराने तुम्हाला सांगितलंय. म्हणजे ३,५०० हे व्याजच आहे, ते किमतीत लपलेलं. त्यात ९९९ ची फी आधीच द्यायची, म्हणजे तुमच्या हातात प्रत्यक्षात ६७,५०० चं कर्ज आणि परतफेड ७२,०००. हा दर वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास येतो. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. योजनेचं नाव तेवढं बदललं. स्कूटरचा हप्ता धरून महिन्याला ९,८०० बांधले जातील. ६२,००० च्या पगारात ते झेपेलही, पण घरात रुग्ण असताना दर महिन्याची हालचाल करायला जागा मोकळी लागते.

एफडीबद्दल यजमानांशी माझं थोडं वाजेल. हप्ते नकोत हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ती एफडी ही तुमची अडीअडचणीची सोय आहे आणि ती आधीच अपुरी आहे. १,४०,००० म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांचा पगार. सासूबाईंना रात्रीतून इस्पितळात न्यायची वेळ आली तर त्यातले ६८,५०० गॅलरीत उभे असतील. शिवाय मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचाच दर देते आणि बहुतेक ठिकाणी वर अर्धा ते एक टक्का कापते. साधा नवा घ्यायची वेळ आलीच तर २७,००० साठी तीन महिने थांबून पगारातून जमवा. तोवर ४५ मिनिटांच्या दोन फेऱ्या, काचा उघड्या ठेवून. पावसाच्या ऐन मध्यात थांबणं शक्य नसेल तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून मिळणारी उचल) मिळतो का ते बँकेत विचारा. साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं आणि ठेव मोडत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की एक्स्चेंजचे ३,००० आत्ताच पदरात पाडून घ्यावेत का, पुढे एवढे मिळणार नाहीत म्हणून. नका. चालू ड्रायर जूनच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीत कुणीही त्याहून जास्त देऊन उचलेल, फक्त पाइप साफ केलेला असू द्या.