मोझॅक नव्हे, घोटीव!

प्रश्न असा: चिनी चित्रकार वांग ग्वांगल यांच्या ‘टेराझो’ चित्रमालिकेला मराठीत ‘मोझॅक’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ठिपक्याठिपक्यांच्या जुन्या फरशीला गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे मोझॅक म्हणतात. बोलताना खुशाल म्हणा. पण लेखात तोच शब्द वाचून वाचून माझं डोकं उठलंय. मोझॅकमध्ये एकेक तुकडा जागा बघून बसवतात. टेराझोत संगमरवरी चिप्स सिमेंटात कालवून ओततात, मग गुळगुळीत होईस्तोवर घासतात; कुठला खडा कुठे उगवेल ते कुणाच्या हाती नसतं. वांग (जन्म १९७६, फूच्यान प्रांत) २००२पासून हीच फरशी खडा न् खडा ब्रशने रंगवत आले. नक्षी नाहीच तिथे!

‘टेराझो’ म्हणजे इटालियनमध्ये गच्ची, ते सोडा. मजा चिनी शब्दात आहे. श्वेइ-मो-श: श्वेइ पाणी, मो घासणं, श दगड. आणि नुसतं ‘श्वेइ-मो’चं काम म्हणजे सावकाश, चिकाटीने केलेलं काम. सोळाव्या शतकात संगीतकार वेइ ल्यांगफू यांनी खुन्छू या चिनी संगीतनाटकाच्या गायकीला नवं वळण दिलं, त्या चालीचंही नाव हेच, पाण्याने घासलेली! आपणही ताना घोटतोच. (गळा घोटणं वेगळं.)

म्हणून माझा शब्द ‘घोटीव फरशी’. संस्कृतप्रेमी मंडळी ‘कुट्टिम’ पुढे करतात. अहो, कुट्टिम ‘कुट्ट्’वरून, म्हणजे कुटलेली जमीन, तो तर आपला चुन्याचा कोबा झाला. सुंठ कुटतात, भांग घोटतात. एवढा फरक कळत नसेल तर कोश मिटून खल घ्या.

वांग यांच्या २००४पासूनच्या दुसऱ्या मालिकेच्या नावाचं तर मराठीत आणखी वाटोळं होणार आहे. फूच्यानकडे म्हातारी माणसं जिवंतपणीच स्वतःची शवपेटी करवून ठेवतात आणि दरवर्षी तिला रोगणाचा एक हात देतात. ही चित्रंही तशीच, थरावर थर. इंग्रजी नावात शवपेटी आहे. चिनी नाव मात्र ‘शौ-छी’: शौ दीर्घायुष्य, छी रोगण. शवपेटीचा उच्चारही नाही! नारळ फोडताना ‘वाढवला’ म्हणणाऱ्यांना, फुटलेली बांगडी ‘वाढली’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तेव्हा ‘शवपेटी-रंग’ असलं काही कुणी सुचवू नका. ‘आयुष्याचं रोगण’ म्हणा.