सही कोणाची? वारशाच्या घराच्या विक्रीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी मृत्युपत्रात मुंबईतला फ्लॅट आम्हा दोघा भावांना दिला आहे. सोसायटीत नॉमिनी मोठा भाऊ असून शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालं आहे. ग्राहकाची बँक प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, मागते. कायदा बदलल्यामुळे प्रोबेट लागत नाही असं ऐकलं. खरं काय?

उत्तर : आधी नॉमिनीचं. नॉमिनी मालक नसतो. महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. एकट्या मोठ्या भावाने सही करून फ्लॅट विकला, तर धाकट्याचा हिस्सा त्यात जात नाही, आणि बँकेच्या वकिलाला नेमकी हीच भीती असते.

आता प्रोबेट. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीतल्या मिळकतींबाबत हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम वगळलं. म्हणजे सक्ती गेली, पण प्रोबेट घेण्याची सोय तशीच आहे. मृत्युपत्र खरं आहे यावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब हवं असेल, तर मार्ग अजूनही तोच. त्यामुळे बँकेला ‘कायदा बदलला’ एवढं सांगून भागत नाही. काय हवं ते लेखी मागून घ्या. बऱ्याचदा प्रोबेटऐवजी एक पर्याय चालतो: आई, बहीण असे जे वारस मृत्युपत्र नसतं तर हक्कदार ठरले असते, ते सगळे खरेदीखतावर ‘मान्यता देणार’ म्हणून सही करतात. घरात एकजण जरी रुसलेला असेल, तर मात्र प्रोबेटच बरं.

प्रोबेटच्या अर्जाला मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, मालमत्तेची यादी आणि मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी किमान एकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. दोन्ही साक्षीदार हयात नसतील, तर निदान एकाचं हस्ताक्षर आणि वडिलांची सही ओळखणाऱ्या व्यक्तींकडून शाबीत करावी लागते. काम तिथे लांबतं. वारसांची संमतीपत्रं अर्जासोबतच जोडा, म्हणजे नोटिसा बजावण्यात वेळ जात नाही. कोणी कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) दाखल करून हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो, मग महिन्यांचा हिशेब सोडून द्यावा.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, कोण नेमलाय तेही पाहा. एक्झिक्युटरला, मृत्युपत्रात मनाई नसेल तर, घर विकण्याचा अधिकार असतो. कोणीच नेमलेला नसेल तर प्रोबेट मिळत नाही, ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ (न्यायालयाने मिळकतीचा कारभारी नेमल्याचं पत्र) घ्यावं लागतं, आणि अशा कारभाऱ्याला, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला, स्थावर मिळकत विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री हितसंबंध असलेला कोणीही रद्द करून घेऊ शकतो. हा फरक पुष्कळ इस्टेट एजंटांनाही माहीत नसतो.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता गेले. आई, मी, परदेशात राहणारी बहीण आणि दिवंगत भावाची पत्नी व तिचा लहान मुलगा असे वारस आहोत. टोकन घेतलंय. सक्सेशन सर्टिफिकेट काढू का?

उत्तर : ते सर्टिफिकेट येणी, ठेवी, शेअर यांच्यासाठी असतं, घरासाठी नव्हे. महाराष्ट्रात घरासाठी १८२७ च्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागितला जातो. सिटी सर्व्हेच्या पत्रिकेवरची किंवा सात-बारावरची वारस नोंद उपयोगी आहे, पण तिने मालकी सिद्ध होत नाही.

हिस्से ठरवायला भाऊ कधी गेला हे पाहावं लागेल. तो वडिलांच्या आधी गेला असेल, तर चार समान वाटे होतात : आई, तुम्ही, बहीण आणि भावाची शाखा. त्या शाखेचा वाटा वहिनी व पुतण्यात अर्धा-अर्धा. तो वडिलांच्या नंतर गेला असेल, तर त्याच्या पाव हिश्श्यात आईही वारस ठरते. तो तिघांत वाटला जाऊन आईचा एकूण हिस्सा एक तृतीयांश होतो.

पुतण्या अज्ञान (१८ वर्षांखालचा) असल्याने वहिनींची सही पुरेशी नाही. त्याचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी हवी. नाहीतर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो ती विक्री रद्द करायला जाऊ शकतो. बहिणीचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा अपोस्टिल करून (त्या देशाच्या सरकारी शिक्क्याने प्रमाणित करून) आणा आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. तिला हिस्सा नकोच असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरची ‘ना हरकत’ कामाची नाही.

टोकन घेतलंच आहे, तर साठेकरारात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) लिहा : न्यायालयाची परवानगी अमुक मुदतीत मिळाली नाही, तर रक्कम दंडाविना परत.

प्रश्न : आजोबांनी घर खासगी ट्रस्टमध्ये ठेवलं. तिघांपैकी दोन विश्वस्त विकायला तयार आहेत. तेवढं पुरेल का?

उत्तर : ट्रस्टच्या दस्तात बहुमताची तरतूद नसेल, तर तिघांच्याही सह्या लागतात. विकायचा अधिकार दस्तात आहे का तेही तपासा. विक्रीचं काम ज्या विश्वस्तावर आहे, त्याला ते घर स्वतः विकत घेता येत नाही, नावापुरता दुसरा पुढे करूनसुद्धा. धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी सार्वजनिक ट्रस्टला लागते, खासगीला नाही.

प्रश्न : विक्रीवर कर किती?

उत्तर : वारशाने घर मिळतं तेव्हा कर नाही, विकताना आहे. खरेदीची किंमत आणि धारणाकाळ मूळ मालकाचा धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वीचं घर असेल, तर त्या दिवशीचं बाजारमूल्य घेता येतं. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल ठेवा. त्या दिवशीचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर त्याहून जास्त आकडा धरता येत नाही.

दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला जुन्या, महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांच्या हिशेबाशी तुलना करून कमी असेल तोच कर भरता येतो. २००१ चं मूल्य १० लाख धरा. २००१ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून जुन्या हिशेबात खरेदीचा खर्च ३७.६ लाख. घर ८० लाखांना गेलं, तर कर जुन्या पद्धतीने ८.४८ लाख, नव्याने ८.७५ लाख. तेच १.२ कोटींना गेलं, तर १६.४८ विरुद्ध १३.७५ लाख (उपकर वेगळा). तेव्हा दोन्ही आकडे काढूनच ठरवा.

नफा आणि सवलती प्रत्येक वारसाच्या स्वतंत्र असतात. एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत नवं घर घेतलं, तीन वर्षांत बांधलं, किंवा सहा महिन्यांत ठराविक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवले, तर सूट मिळते. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल, तर ग्राहक प्रत्येक निवासी विक्रेत्याचा १ टक्का कर (टीडीएस) त्या-त्या पॅनवर कापतो. मर्यादा एकूण किमतीवर मोजतात, हिश्श्यावर नाही. परदेशस्थ विक्रेत्याला ही मर्यादाच नाही. त्याच्याकडून दीर्घकालीन नफ्याच्या दराने कपात होते. कमी कपातीचं प्रमाणपत्र हवं असेल, तर त्याने खरेदीखताच्या बऱ्याच आधी आयकर खात्याकडे अर्ज करावा.